मूस वाचवायचा असेल तर आधी हरणांचा मका थांबवा

एका ताईंचा प्रश्न आलाय, दोन ओळीत उत्तर दिलं तर अर्धवट होईल म्हणून सविस्तर लिहिते. त्या अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्यात, डलुथ शहराच्या वरच्या अंगाला राहतात, घरामागे जंगल आहे, आणि मूस नावाचे सांबरासारखे मोठे प्राणी तिथे कमी होत चाललेत म्हणून गावातले काही लोक एकत्र यायला लागलेत, त्यात ह्यांनाही उतरायचंय. त्यांनी विचारलंय की झाडं लावायची का, लांडगे कमी करा म्हणून सह्यांची मोहीम चाललीये त्यावर सही करायची का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की आमच्या सासूबाई दर हिवाळ्यात इथे असतात, त्या मागच्या अंगणात हरणांना मका आणि सफरचंदं घालतात, घरात सगळ्यांनाच प्राण्यांची खूप आवड आहे.

ताई, तुमचं पहिलं काम त्या शेवटच्या वाक्यात आहे. मी गेली तेरा वर्षं ह्याच पट्ट्यात वन्यजीवांचं फील्डवर्क करते, मेलेले मूस उचलून तपासणीला पाठवणं, लेंड्या गोळा करणं, रोपं लावणं, गावोगावी मीटिंगा घेणं असं सगळं केलंय, आणि एखाद्या घराने मूससाठी एकच गोष्ट करायची असेल तर कुठली असं मला विचारलं तर मी दरवेळी हेच सांगते की हरणांना खायला घालू नका. ऐकायला वाईट वाटतं, मला कळतं. मुक्या जिवाला चार दाणे घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम, आणि ते सासूबाईंना नको म्हणायचं म्हणजे अवघडच. म्हणून कारण नीट सांगते, म्हणजे तुम्हाला घरात सांगता येईल.

आधी परिस्थिती. मूस म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, त्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, मोठा नर साडेचारशे किलोच्या घरात जातो, खांदाच माणसाच्या डोक्याएवढा उंच. ईशान्य मिनेसोटात २००६ साली हेलिकॉप्टरच्या गणतीत त्यांचा अंदाज ८,८४० होता. २०१३ ला तो २,७६० वर आला. सात वर्षांत दोन तृतीयांशाहून जास्त गेले. त्याच वर्षी राज्याने मूसची शिकार बंद केली. त्यानंतर आकडा ३ हजार ते ४,७०० च्या मध्ये वरखाली होतोय, म्हणजे घसरण थांबल्यासारखी आहे पण भर पडत नाहीये. (एका वर्षीचा आकडा वाढला की लोक लगेच खूश होतात, पण हा वरून बघून काढलेला अंदाज असतो, दाट झाडीत बरेच मूस दिसतच नाहीत, त्यामुळे चार-पाच वर्षांचा कल बघायचा, एका वर्षाचा आकडा नाही.) आणि हे असंच राहील म्हणून निवांत बसायचीही सोय नाही कारण ह्याच राज्याच्या वायव्य कोपऱ्यात १९८० च्या दशकात जवळपास ४ हजार मूस होते, ते २००७ पर्यंत शंभराच्या आत आले.

आता हरणांचा काय संबंध. इथलं जे शेपटी वर करून पळणारं हरीण आहे ना, व्हाइट-टेल, त्याच्या मेंदूच्या आवरणात एक केसासारखा बारीक जंत राहतो, त्याला इथे ब्रेनवर्म म्हणतात. हरणाला त्याचा फारसा त्रास नाही, दोघं एकमेकांना सरावलेले आहेत. जंताची अंडी रक्तातून फुप्फुसात जातात, तिथे अळ्या बाहेर पडतात, हरीण खोकतं, गिळतं, आणि त्या अळ्या लेंड्यांवरच्या चिकट थरातून बाहेर येतात. मग त्या लेंडीवरून गोगलगाय जाते, शंखाची नाहीतर बिनशंखाची शेंबडी, अळी तिच्या अंगात शिरते आणि तीन-चार आठवड्यांत तयार होते. ही गोगलगाय पानाला चिकटलेली असते आणि मूस ते पान खातो. त्याच्या पोटातून अळी निघते ती मज्जारज्जूत आणि मेंदूत शिरते, आणि मूसच्या शरीराला हा पाहुणा ओळखीचा नाही, त्यामुळे तिथे नुसता धुमाकूळ होतो. मागचे पाय लटपटतात, मान एका बाजूला कलते, दिसेनासं होतं, माणसाची भीती जाते.

गावाकडे ज्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांना हे लगेच समजेल, पाणथळ जागी चरलेल्या मेंढीला पर्णकृमी होतो तोही गोगलगायीमार्फतच. तिथे धनगर काय करतो, मेंढरं त्या डबक्याकडे नेतच नाही. मूसला कोण वळवणार? म्हणून हरणं वळवायची.

एक प्रसंग सांगते. फेब्रुवारीत एका माणसाचा फोन आला की घराजवळच्या जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर मूस मरून पडलाय. आम्ही स्नोमोबाइलवर गेलो. मूसपर्यंत पोचायच्या आधी बर्फातला माग दिसला, आणि तो माग गोल होता. एकाच जागी फिरून फिरून गुडघाभर बर्फ तुडवून त्या प्राण्याने खळ्यासारखं वर्तुळ केलेलं, मळणीला बैल फिरतात तसं, आणि शेवटी त्याच वर्तुळाच्या कडेला ती पडलेली. तरुण मादी होती. बाहेर उणे वीसच्या खाली, माझ्या पापण्यांवर बर्फ साठलेलं, आणि तिच्या पोटाला हात लावला तर आतून अजून गरम. एवढ्या जाड कातड्याच्या आणि केसांच्या आत पोटातलं आंबवण मेल्यावरही चालू राहतं आणि ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे भर थंडीतसुद्धा आतले अवयव सडायला लागतात, आणि मग मेंदूतून काही कळत नाही. त्या माणसाने दिसल्या दिसल्या फोन केला, दुसऱ्या दिवसावर ढकललं नाही, म्हणूनच तपासणी करता आली. कुठे मूस मेलेला किंवा विचित्र वागताना दिसला तर लगेच कळवा, राज्याच्या डीएनआरला (नैसर्गिक संसाधन खात्याला) किंवा ओजिब्वे ह्या इथल्या मूळ रहिवाशांच्या ज्या बँडच्या, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गटाच्या, हद्दीत असाल त्यांच्या वन्यजीव खात्याला. हे कुणीही करू शकतं आणि ह्याचा खूप उपयोग होतो. पण जवळ जाऊ नका, आणि कुत्रा सोबत असेल तर अजिबातच नाही, कुत्रा म्हणजे लांडगाच असं मूस धरून चालतो.

२०१३ पासून राज्याने मोठ्या मूसना कॉलर (माग काढता येणारा गळपट्टा) लावून ते कशाने मरतात ह्याचा अभ्यास केला, त्यात साधारण दोन तृतीयांश मृत्यू आजारपणाचे निघाले, ब्रेनवर्म, गोचीड, इन्फेक्शन असे, आणि एक तृतीयांश लांडग्यांमुळे, आणि लांडग्यांनी मारलेल्यातलेही काही आधीच आजारी होते. तुमच्या सह्यांच्या मोहिमेचं उत्तर बरंचसं ह्यात आहे. लांडगे मूसची वासरं खातात, अस्वलंही खातात, मे महिन्यात जन्मलेल्या वासरांपैकी बरीच पहिल्या काही आठवड्यातच जातात, हे खरंय आणि मी ते लपवणार नाही. पण लांडगे मुळात एवढे पोसले कशावर जातात? हरणांवर. जिथे हरणं जास्त तिथे लांडगे जास्त, आणि मग जाता जाता मूसचं वासरूही जातं. लांडगे मारले आणि हरणं तशीच ठेवली तर हरणं अजून वाढणार, म्हणजे जंत वाढणार. शिवाय लांडग्याला इथे केंद्राच्या कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ती सही कुठे पोचायची शक्यताही कमी. मी सही करणार नाही. ज्यांनी केली त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यातले बरेच जण मूसवर माझ्याइतकंच प्रेम करणारे आहेत, ज्यांच्या डोळ्यादेखत गायी-वासरं गेलीत त्यांचा राग मी समजू शकते.

हरणं ह्या भागात मुळात एवढी नव्हतीच. पूर्वी इथे मूस आणि कॅरिबू (रेनडिअर) होते, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठी लाकूडतोड झाली, कोवळी झाडी उगवली आणि तिच्यामागून हरणं वर सरकली. त्यांना रोखून धरत होता तो हिवाळा. मूसचे पाय लांब, खोल बर्फातूनही तो चालतो, हरीण छातीपर्यंत रुततं आणि उपाशी मरतं. आता हिवाळे सौम्य होत चाललेत, आणि त्यात आपण मका घालतो. म्हणजे जे काम थंडी करायची तेही होऊ देत नाही. राज्याच्या मूसच्या आराखड्यात ह्या पट्ट्यात हरणं चौरस मैलाला १० पेक्षा कमी ठेवायचं ठरलंय, आणि एका अंगणात मक्याच्या ढिगाभोवती एका संध्याकाळी पंधरा-वीस हरणं मी स्वतः मोजलीत. सगळी एकाच जागी खातात, तिथेच लेंड्या टाकतात, बर्फ वितळलं की त्या जागी गोगलगायी.

आता सासूबाईंना कसं सांगायचं ते. गोगलगायीपासून सुरू करू नका, मक्यापासून करा. गावी गाय सुटून धान्याच्या पोत्याला लागली तर काय होतं हे त्यांच्या पिढीला सांगावं लागत नाही, पोट फुगतं, आंबतं, गाय आडवी होते. हरणाचंही तसंच आहे. हिवाळ्यात त्याचं पोट काड्या आणि कळ्या पचवायला तयार झालेलं असतं, त्यात एकदम मका पडला की ॲसिडोसिस होतो, आणि पोटभर मका असून हरीण मरतं. माझ्या ओळखीच्या एका घरी आजींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांना आजारी पाडत होते." त्यानंतर त्यांनी घालणं बंद केलं. त्यांना वाईट वाटलं ह्याचं मलाही वाईट वाटलं पण खरं सांगणं भाग होतं. आत्ता सप्टेंबर आहे, जंगलात हरणांना भरपूर खायला आहे, म्हणून ह्या वर्षी सुरूच करू नका, हीच योग्य वेळ आहे. आणि तुमच्या काउंटीचा नियमही बघा, हरणांच्या सीडब्ल्यूडी रोगामुळे राज्यातल्या काही काउंट्यांत खायला घालायला बंदीच आहे.

हेच गावाच्या ग्रुपमध्ये न्या. एकाच घराने थांबवलं तर हरणं शेजारच्या अंगणात जातील, रस्त्यावरच्या सगळ्या घरांनी थांबवलं तर फरक पडतो. आणि एक नाजूक गोष्ट, तुम्ही शाकाहारी असाल, शिकार पटत नसेल, तरी नोव्हेंबरमधली हरणांची शिकार बंद करा अशा कागदावर सही करायच्या आधी हे सगळं डोक्यात असू द्या. मी स्वतः बंदूक कधी हातात धरली नाही, पण मूसच्या पट्ट्यात हरणांचा परवाना घेऊन येणारा शिकारी मूसचं कामच करतोय असं माझं स्पष्ट मत आहे.

गोचिडीबद्दल थोडं, कारण फोटोत अर्धे केस गेलेला पांढुरका मूस बघून लोक घाबरतात. विंटर टिक नावाची ही गोचीड शरद ऋतूत झुडपाच्या शेंड्यावर पिल्लांचे झुबके करून बसते, मूस घासून गेला की सगळा झुबका अंगावर, आणि मग पूर्ण हिवाळा तिथेच रक्त पिते, मार्च-एप्रिलला फुगून खाली पडते. पूर्वेकडे न्यू हॅम्पशर आणि मेनमध्ये तर एकेका वासरावर सरासरी ४५ हजारांच्या वर गोचिडी मोजल्यात, एवढं रक्त गेल्यावर वासरू वसंतापर्यंत टिकत नाही. मार्चमध्ये मूस उठून गेल्यावर त्याच्या बसायच्या जागी बर्फावर लाल ठिपके दिसतात, ते त्याच्याच रक्ताचे. ह्यावर गावाच्या हातात फारसं काही नाही. लवकर बर्फ पडलं किंवा एप्रिलपर्यंत टिकलं तर गोचीड मरते, म्हणजे पुन्हा थंडीवरच येऊन थांबतं. मूसला गरमीही सोसत नाही, उन्हाळ्यात १४ अंशांच्या वर आणि हिवाळ्यात उणे ५ च्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, दुपारभर सावलीत उभा राहिला की तेवढं खाणं बुडतं.

म्हणून झाडांच्या प्रश्नावर येते. हो, लावा, पण कुठे आणि कुठली हे विचारून लावा. मूसला दोन गोष्टी शेजारी शेजारी लागतात, खायला विलो, ॲस्पेन, बर्च, हेझल असली कोवळी झाडी, आणि उन्हात थंड व्हायला दाट सूचीपर्णी सावली. कोवळी झाडी सगळ्यात चांगली मोठ्या वणव्यानंतर येते, २०११ च्या पगामी क्रीकच्या वणव्यात ९० हजार एकरांहून जास्त जळलं, आणि तेव्हा सगळे हळहळले तरी अशा जागी पुढे मूसला चांगला चारा होतो. आता घराजवळ वणवा लावता येत नाही म्हणून म्हातारी झुडपं मशीनने जमिनीलगत कापतात, त्यांना पुन्हा फुटवा येतो. पण हेच काम लहान लहान तुकड्यात, वस्तीला लागून केलं तर तिथे मूसच्या आधी हरणं येतात. उत्साहाने पाच एकर साफ करून हरणांचं कुरण तयार केलेलं मी पाहिलंय. मोठे तुकडे, हरणांच्या हिवाळी जागांपासून लांब, असं बघावं लागतं, ते एकट्याने होत नाही. इथे मूसच्या अधिवासाचं जे मोठं एकत्रित काम झालंय त्यात पुढाकार हरणांच्या शिकाऱ्यांच्या राज्यव्यापी संघटनेचा होता, सोबत ओजिब्वे बँड, सरकारी खाती, इतर संस्था. तुमच्या ग्रुपने नवीन काही काढण्यापेक्षा अशा चालू कामाला हात लावला तर जास्त उपयोग होईल.

आमच्याकडून एकदा चूक झाली ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही स्वयंसेवकांनी मिळून वसंतात दोन दिवस व्हाइट पाइनची शेकडो रोपं लावली, मुलं, म्हातारी माणसं, सगळे चिखलात, खूप छान दिवस होते. पुढच्या मे महिन्यात गेलो तर जवळजवळ प्रत्येक रोपाचा शेंडा खुडलेला. हिवाळ्यात हरणं ओळीने खात गेलेली. शेंडा गेला की पाइन उंच वाढत नाही, झुडूप होऊन बसतो. लावणं झालं पण राखणं झालं नाही. त्यानंतर आम्ही दर ऑक्टोबरला बडकॅपिंग करतो, म्हणजे वहीच्या कागदाचा लहानसा तुकडा घ्यायचा, रोपाच्या शेंड्याच्या कळीभोवती दुमडायचा आणि पाइनची सुईसारखी पानं आत धरून स्टेपल करायचा, हरणाला मग तो कोंब खावासा वाटत नाही, आणि वसंतात कोंब कागदातून वर निघून वाढतो. रोप हरणाच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत दरवर्षी नवीन कागद. काम अगदी साधं, पण करायला माणसं लागतात, आणि तुमच्यासारख्या घरांची सगळ्यात जास्त गरज इथे आहे.

आणि ओजिब्वे लोकांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नव्हता आणि मीटिंगमध्ये तसं होऊ देऊ नका. हा पूर्ण पट्टा १८५४ च्या तहाने त्यांच्याकडून घेतला गेला आणि इथे शिकार, मासेमारी, वनोपज ह्यांचे हक्क त्यांनी स्वतःकडे राखून ठेवले, ते आजही कायद्याने त्यांचेच आहेत. मूस हा शब्दही इथल्या मूळ भाषांच्या कुळातूनच इंग्रजीत आला, ओजिब्वेत मूझ म्हणतात. मूस त्यांच्या घरातलं अन्न आहे. हेलिकॉप्टरची गणती राज्य, फाँ द्यू लाक बँड आणि १८५४ ट्रीटी ऑथॉरिटी (बँडांचे तहातले हक्क सांभाळणारी संस्था) मिळून करतात. २०१५ मध्ये कॉलर लावताना काही मूस दगावले म्हणून गव्हर्नरांनी राज्याचं कॉलर लावणं थांबवलं, पण ग्रँड पोर्टेजसारख्या बँडनी आपला अभ्यास चालू ठेवला, नाहीतर बरंच काही कळलंच नसतं. नंतर काही बँडनी अगदी मोजकी, फक्त नरांची शिकार परत सुरू केली, त्यावरून मीटिंगमध्ये कुणी ना कुणी आवाज चढवतो. नर मोजके मारल्याने कळप खाली जात नाही, एका नरामागे अनेक माद्या गाभण राहतात, आणि तो त्यांचा तहातला हक्क आहे. हे तुम्ही शांतपणे सांगू शकलात तर बरं होईल. ग्रुपची पहिली मीटिंग ठरवायच्या आधी जवळच्या बँडच्या नैसर्गिक संसाधन खात्याला फोन करा, तुम्ही आधीच काय करताय आणि आम्ही कुठे उपयोगी पडू असं विचारा.

गाडी चालवताना संध्याकाळनंतर हायवे ६१ वर आणि गनफ्लिंट ट्रेलवर वेग कमी ठेवा, हिवाळ्यात मूस रस्त्यावरचं मीठ चाटायला येतात आणि त्यांचं अंग हेडलाइटच्या उजेडाच्या वर असतं, पायच दिसतात, तेही काळपट.

तर ताई, मका आणू नका, शेजाऱ्यांशी बोला, बँडला फोन करा, आणि ऑक्टोबरमध्ये बडकॅपिंगला या. सासूबाईंना नक्की आणा, कागद दुमडून द्यायचं काम खुर्चीत बसूनही होतं आणि थंडीत गरम चहा आम्ही ठेवतो. येताना घरातला स्टेपलर आणा, पिनांचा डबा जास्तीचा घ्या, आणि सगळ्यांना भडक नारिंगी जॅकेट किंवा टोपी हवीच, कारण तेव्हा जंगलात शिकारीही असतात.